दहा वाजून एकतीस मिनिटे : युरी गागारिन यांचे शेवटचे उड्डाण

२७ मार्च १९६८. मॉस्कोजवळच्या चकालोव्स्की विमानतळावरून सकाळी दहा वाजून एकोणीस मिनिटांच्या सुमारास दोन आसनांचे एक जुने जेट विमान आकाशात झेपावले. पुढच्या आसनावर विद्यार्थी, मागच्या आसनावर प्रशिक्षक. विद्यार्थ्याचे नाव होते युरी अलेक्सेयेविच गागारिन.

बारा मिनिटांनंतर ते विमान बर्च वृक्षांच्या जंगलात कोसळलेले होते. १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून सुखरूप परतलेला, अंतराळात गेलेला पहिला मानव, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी एका नित्याच्या सराव-उड्डाणात मृत्यू पावला. त्या बारा मिनिटांचा आणि त्यानंतर चाललेल्या पन्नास वर्षांच्या वादाचा हा धागा.

सर्वांत आधी मनात येणारा प्रश्न असा की, जगप्रसिद्ध अंतराळवीर 'विद्यार्थी' म्हणून विमानात का बसला होता?

गागारिन मूळचे लढाऊ वैमानिक. १९५७ साली ओरेनबुर्ग येथील हवाई दलाच्या शाळेतून ते उत्तीर्ण झाले. उंची जेमतेम १५७ सेंटिमीटर. विमान उतरवताना त्यांचा अंदाज वारंवार चुके आणि त्यापायी शाळेतून नाव कमी होण्याची वेळ आली होती. आसनावर एक उशी ठेवून त्यांना थोडे उंच बसवले गेले; धावपट्टी नीट दिसू लागली आणि अडचण संपली. त्या उशीने जगाचा इतिहास बदलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु फारसे चुकीचेही ठरणार नाही. पुढे नॉर्वेच्या सीमेलगत, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, त्यांची नेमणूक झाली. तेथे ते मिग-१५ उडवीत. तेथूनच १९६० साली अंतराळवीरांच्या पहिल्या तुकडीसाठी त्यांची निवड झाली.

१२ एप्रिल १९६१ नंतर मात्र ते माणूस कमी आणि राष्ट्रीय ठेवा अधिक झाले.

देशोदेशींचे दौरे सुरू झाले. १९६१ च्या नोव्हेंबरअखेर ते पत्नी व्हॅलेंतिना यांच्यासह भारतात आले. दिल्लीत पंडित नेहरूंनी स्वागत केले. लखनौ, मुंबई, कलकत्ता, हैदराबाद असा प्रवास झाला आणि ठिकठिकाणी त्यांना पाहण्यासाठी लोक लोटले. साम्यवादाशी काडीचाही संबंध नसलेल्यांनाही या हसऱ्या चेहऱ्याचे अप्रूप होते. त्या काळच्या छायाचित्रांत त्यांच्या भुवईवर एक ताजी खूण दिसते. दौऱ्याच्या काही आठवडे आधी क्रिमियातील फोरोस येथे सज्जावरून उडी मारताना ते पडले होते. सत्कार, मेजवान्या आणि सततची गर्दी यांनी हा माणूस आतून किती शिणला होता, याची ती पहिली जाहीर खूण.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र मागे पडली, ती म्हणजे विमान उडवणे. इतका मोलाचा माणूस विमानात बसवून धोक्यात घालण्याची कोणाही वरिष्ठाची तयारी नव्हती.

२४ एप्रिल १९६७ रोजी सोयूझ-१ परतताना हवाईछत्री उघडली नाही आणि व्लादिमिर कोमारोव मृत्युमुखी पडले. त्या मोहिमेचे राखीव अंतराळवीर होते गागारिन. कोमारोव आजारी पडले असते तर त्या यानात तेच बसले असते. या अपघातानंतर त्यांना पुन्हा अंतराळात पाठवायचे नाही, असा निर्णय झाला.

आता त्यांच्याजवळ उरले काय? ते अंतराळवीर प्रशिक्षण केंद्राचे उपप्रमुख होते. जो स्वतः उडत नाही त्याने उडणाऱ्यांना शिकवायचे कसे, ही बोच त्यांना होती. फेब्रुवारी १९६८ मध्ये झुकोव्स्की अभियांत्रिकी अकादमीची पदवी त्यांनी मिळवली आणि लगेच लढाऊ विमानाचा परवाना नव्याने मिळवण्याच्या मागे ते लागले. १३ ते २२ मार्च या दहा दिवसांत त्यांनी प्रशिक्षकासह १८ उड्डाणे केली. एकूण सुमारे सात तास. २७ मार्चला शेवटची परीक्षा होती. ती पार पडली की त्याच दिवशी मिग-१७ मधून एकट्याने उडण्याची परवानगी मिळणार होती.

परीक्षक म्हणून मागे बसले होते कर्नल व्लादिमिर सेर्योगिन. वय ४५. दुसऱ्या महायुद्धात इल्यूशिन-२ या हल्लेखोर विमानातून जर्मन फौजांवर तुटून पडलेले, 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च किताब लाभलेले, अंतराळवीरांना उड्डाण शिकवणाऱ्या रेजिमेंटचे प्रमुख. म्हणजे नवखा कोणीच नव्हता, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादात लक्षात ठेवावी लागते.

आता थोडे विमानाविषयी, कारण हा अपघात समजून घ्यायचा तर पहिल्या पिढीतील जेट विमानांचा स्वभाव ठाऊक हवा.

मिग-१५ चे पहिले उड्डाण ३० डिसेंबर १९४७ रोजी झाले. त्याचे हृदय ब्रिटिश होते. १९४६ साली ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने रोल्स-रॉइसची 'नीन' इंजिने सोव्हिएत संघाला विकण्यास मान्यता दिली. रशियन अभियंत्यांनी त्यांची हुबेहूब नक्कल केली. आणि तीन-चार वर्षांत त्याच वंशाची इंजिने लावलेली मिग-१५ विमाने कोरियाच्या आकाशात ब्रिटनच्या मित्रांवर गोळ्या झाडू लागली. व्यापार आणि परराष्ट्रनीती यांची गल्लत किती महाग पडते, याचे इतके चोख उदाहरण दुसरे शोधावे लागेल.

विमान वेगवान, साधे, दणकट. पण त्याचे मागे वळलेले पंख वैमानिकाला एक नवीच भीती देत. वेग फार कमी झाला किंवा नाक फार उचलले गेले, की पंखांवरची हवा सुटे आणि विमान स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येऊ लागे. यालाच 'स्पिन' म्हणतात. गोंधळलेल्या वैमानिकाला दांडा नेमका मध्यभागी कुठे आणायचा हे कळावे, म्हणून मिग-१५ च्या उपकरणफलकावर एक पांढरी उभी रेघ रंगवलेली असे. कारखान्याने संकटकाळासाठी रंगवलेली ती रेघ त्या पिढीच्या विमानांविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

स्पिनमधून बाहेर पडता येते, नाही असे नाही. पण त्यासाठी उंची लागते. गिरकी थांबवायला काही उंची, मग सूर मारणाऱ्या विमानाला सरळ करायला आणखी काही उंची. ताशी ६०० किलोमीटर वेगाने खाली येणारे विमान सेकंदाला सुमारे १६५ मीटर कापते. ढगांतून बाहेर पडल्यावर जमीन ६०० मीटरवर दिसली, तर वैमानिकाच्या हाती चार सेकंदसुद्धा नसतात.

जेट युगाच्या आरंभी अशा मृत्यूंची मोजदाद भयंकर आहे. ब्रिटिश हवाई दलाने आपल्या सेवाकाळात ग्लॉस्टर मिटिऑर जातीची सुमारे ८९० विमाने गमावली. एकट्या १९५३ या वर्षात १४५. सुमारे ४५० वैमानिक मेले. त्यांतील बहुसंख्य शत्रूच्या हातून नव्हेत, तर सरावात आणि शांततेच्या काळात. एक इंजिन मुद्दाम बंद करून विमान उतरवण्याचा सराव सक्तीचा होता. खरोखरीच इंजिन बंद पडून जितके वैमानिक दगावले त्याहून अधिक या सरावानेच घेतले. इलाजच रोगाहून जालीम ठरला, तो असा.

हवामानाचे उदाहरण पाहायचे तर ८ फेब्रुवारी १९५६ चे. इंग्लंडमधील वेस्ट रेनम येथून आठ हंटर विमाने सरावासाठी उडाली. अचानक धुके उतरले, दुसऱ्या धावपट्टीकडे वळावे लागले, इंधन संपत आले. आठांपैकी सहा विमाने नष्ट झाली. एक वैमानिक ठार झाला. विमानांत बिघाड कुठलाच नव्हता.

भारतही याच वाटेने चालला होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली व्हॅम्पायर जेट विमाने आपल्याकडे आली. पंख्याच्या विमानांवर वाढलेल्या वैमानिकांना जेटचे तंत्र नव्याने आत्मसात करावे लागले. जेटच्या इंजिनाला दिलेली आज्ञा तत्काळ पाळण्याची सवय नव्हती. ते सावकाश जोर धरी. इंधन मात्र झपाट्याने पिई. उतरताना एकदा वेग हातचा गेला की तो परत मिळवायला वेळ उरत नसे. म्हणूनच दोन आसनांची जेट विमाने घडवली गेली. मागे जाणता, पुढे शिकणारा.

मिग-१५ चे असे दोन आसनी रूप म्हणजे मिग-१५ यूटीआय. तीन हजारांहून अधिक विमाने बांधली गेली आणि निम्म्या जगाच्या वैमानिकांनी त्यांवर धडे गिरवले. गागारिन यांच्या वाट्याला आलेले विमान १९५६ साली चेकोस्लोव्हाकियात बांधलेले होते. वय बारा वर्षे. इंजिनाची दुरुस्ती एकाहून अधिक वेळा झालेली. पंखांखाली प्रत्येकी २६० लिटरच्या दोन जादा टाक्या होत्या. या टाक्या असताना विमानाला जोरकस हालचाली सोसत नसत, आणि ही उड्डाणे तर हालचालींच्या सरावासाठीच होती. हा निर्णय नजरेआड करण्याजोगा मुळीच नव्हता.

त्या दिवशी आकाशात ढगांचे दोन थर होते. खालचा थर जमिनीपासून काही शे मीटरवर, वरचा थर चार-पाच हजार मीटरच्या पुढे. मध्ये मोकळी हवा. म्हणजे वैमानिकाला वर ढग, खाली ढग. क्षितिज कुठेच स्पष्ट नाही. नियमाप्रमाणे हवामान पाहण्यासाठी आधी एक विमान पाठवायचे, ते परतल्यावर त्याचा अहवाल ऐकायचा आणि मग इतरांनी उडायचे. त्या दिवशी हा अहवाल नीट समजून घेण्याइतका वेळच राखला गेला नाही. शिवाय विमानतळावरचे उंची मोजणारे रडार बंद होते. जमिनीवरच्या नियंत्रकाला विमान कुठल्या दिशेला आहे हे दिसे. किती उंचीवर आहे हे केवळ वैमानिकाच्या तोंडूनच कळे.

गागारिन यांचा हुद्देवार पुकार होता '६२५'. किर्झाच गावाजवळच्या ठरलेल्या आकाशपट्ट्यात जाऊन त्यांनी सराव केला. तो सुमारे वीस मिनिटे चालायचा होता. पण साडेदहाच्या सुमारास, म्हणजे ठरल्यापेक्षा पुष्कळच लवकर, त्यांनी काम संपल्याचे कळवले आणि ३२० अंशांकडे वळून परतण्याची परवानगी मागितली. आवाज शांत होता. परवानगी मिळाली.

त्यानंतर '६२५' कडून काहीही ऐकू आले नाही.

नियंत्रक पुकारत राहिले. आता इंधन संपले असणार, इतका वेळ झाला तेव्हा शोध सुरू झाला. दुपारी तीनच्या आसपास एका हेलिकॉप्टरमधून व्लादिमिर प्रांतातील नोवोस्योलोवो या खेड्याजवळच्या जंगलात, बर्फाने झाकलेल्या जमिनीत पडलेला खड्डा दिसला.

सेर्योगिन यांच्या मृत्यूची खात्री त्याच दिवशी पटली. गागारिन यांच्याबद्दल मात्र रात्रभर आशा होती. कदाचित ते इजेक्शन सीटच्या साह्याने बाहेर पडले असतील, कुठेतरी झाडीत जखमी पडले असतील. सैनिक अंधारात हाका मारीत जंगल पिंजत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बर्चच्या फांदीला अडकलेला वैमानिकी जाकिटाचा तुकडा सापडला. खिशात भोजनाची कूपने होती. त्यांवर नाव होते गागारिन यांचे.

येथे एक विलक्षण गोष्ट नोंदवायला हवी. १९६१ साली गागारिन यानात बसून जमिनीवर उतरले, असे सोव्हिएत सरकारने जगाला सांगितले होते. ते खरे नव्हते. व्होस्तोक यानात माणसाला घेऊन अलगद उतरण्याची सोयच नव्हती. सुमारे सात किलोमीटर उंचीवर इजेक्शन सीटने त्यांना यानाबाहेर फेकले आणि ते स्वतंत्र हवाईछत्रीने व्होल्गेच्या काठी एका शेतात उतरले. उड्डाणाचा जागतिक विक्रम मान्य व्हावा म्हणून ही बाब कित्येक वर्षे दडवली गेली. म्हणजे आसनासह बाहेर फेकले जाणे या माणसाला परके नव्हते. २७ मार्चला ते का घडले नाही?

मिग-१५ यूटीआय मध्ये बाहेर पडण्याचा क्रम ठरलेला होता. आधी मागच्या प्रशिक्षकाने, मग पुढच्या विद्यार्थ्याने. उलट केले तर मागच्याच्या जिवाला धोका. यावरून पुढे हळव्या कथा रचल्या गेल्या: सेर्योगिन गागारिनना आधी जा म्हणत होते, गागारिन त्यांना. ऐकायला हृदयस्पर्शी, पण पुरावा शून्य. अवशेषांवरून जे दिसले ते अधिक कोरडे आणि अधिक खरे आहे. इंजिन अखेरपर्यंत चालू होते. दोघेही शुद्धीवर होते. विमान सुरातून वर काढण्याचा त्यांचा प्रयत्न जवळजवळ साधतही आला होता. जो वैमानिक विमान वाचते आहे असे मानतो, तो बाहेर पडण्याचा दांडा ओढत नाही.

३० मार्च १९६८ रोजी दोघांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या. रस्त्यांवर अफाट जनसमुदाय होता. लोकांना एकच हवे होते, कारण. आणि ते मात्र त्यांना सांगितले गेले नाही.

चौकशी झाली नाही असे नव्हे. पक्षाच्या केंद्रीय समितीचे सचिव दिमित्री उस्तिनोव यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी आयोग नेमला गेला. शेकडो तज्ज्ञ राबले. जंगलातील माती चाळून विमानाचे बहुतेक सर्व तुकडे गोळा केले गेले. रक्ताच्या तपासणीत मद्याचा अंशही आढळला नाही. घातपात नाही, यंत्रात बिघाड नाही. अहवालाचे २९ खंड झाले आणि ते कुलूपबंद कपाटात गेले.

सरकार गप्प बसले की अफवांना कंठ फुटतो. गागारिन दारू पिऊन उडत होते; ब्रेझनेव्ह यांनी त्यांना संपवले; ते वेड्यांच्या इस्पितळात जिवंत आहेत; रानातील हरिणांवर गोळ्या झाडण्यासाठी विमान खाली आणले होते. या साऱ्या कथा आजही फिरतात, मराठीतही फिरतात. रक्ततपासणीने पहिलीचा निकाल केव्हाच लावला आहे. उरलेल्यांना पुराव्याचा आधार कधीच नव्हता.

एप्रिल २०११ मध्ये, अंतराळयात्रेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आयोगाचा निष्कर्ष अखेर उघड करण्यात आला. सर्वाधिक संभाव्य कारण असे: हवामानाचा फुगा चुकवण्यासाठी, किंवा कमी संभाव्य म्हणजे खालच्या ढगांच्या थरात शिरणे टाळण्यासाठी, वैमानिकांनी एकाएकी जोराची हालचाल केली, विमान ताब्याबाहेरच्या स्थितीत गेले, खराब हवामानात ते सावरता आले नाही.

या वाक्यातील 'किंवा' फार बोलका आहे. २९ खंडांच्या शेवटी 'किंवा'!

आयोगाच्या निष्कर्षाशी सहमत नसलेल्यांत दोघे वजनदार होते. एक, सेर्गेई बेलोत्सेर्कोव्स्की: वायुगतिकीचे नामवंत अभ्यासक आणि अकादमीत गागारिन यांचे गुरू. दुसरे, अलेक्सी लिओनोव: अंतराळात यानाबाहेर पाऊल टाकलेला पहिला मानव आणि गागारिन यांचे जिवलग मित्र.

लिओनोव त्या सकाळी किर्झाचजवळच अंतराळवीरांकडून हवाईछत्रीच्या उड्यांचा सराव करून घेत होते. त्यांनी दोन आवाज ऐकले: एक स्फोटाचा, दुसरा ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या विमानाचा. दोहोंत अंतर सेकंद-दोन सेकंदांचे. चौकशीत त्यांनी तसे सांगितले. अनेक वर्षांनी कागदपत्रे पाहायला मिळाली तेव्हा त्यांना धक्का बसला. त्यांच्या नावावरचा जबाब दुसऱ्याच कोणाच्या हस्ताक्षरात होता आणि दोन आवाजांतील अंतर पंधरा-वीस सेकंदांचे झाले होते.

सेकंदांच्या या फरकाला महत्त्व का? दोन सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांजवळ असणार. वीस सेकंदांत ती एकमेकांपासून कित्येक किलोमीटर दूर जातात.

लिओनोव यांचे म्हणणे थोडक्यात असे. चाचणीसाठी उडालेले एक सुखोई विमान दहा हजार मीटरवर राहायला हवे होते. ते ढगांखाली आले आणि वर जाताना ध्वनीहून अधिक वेगाने, ढगांतच, गागारिन यांच्या विमानाच्या अगदी जवळून गेले. त्याच्या मागे उसळलेल्या हवेच्या भोवऱ्याने हलके मिग उलटेपालटे झाले आणि स्पिनमध्ये गेले. बेलोत्सेर्कोव्स्की यांच्या गणिताने या शक्यतेला आधार दिला: ढगांखाली येताना वैमानिकांनी विमान जवळजवळ सावरले होते, कमी पडली ती थोडी उंची.

२०१३ साली लिओनोव यांनी हे सारे उघडपणे, दूरचित्रवाणीवर सांगितले. त्या दुसऱ्या वैमानिकाचे नाव आपणांस ठाऊक आहे, परंतु ते न सांगण्याच्या अटीवरच बोलण्याची मुभा मिळाली आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. तो माणूस तेव्हा वृद्ध आणि आजारी होता. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी लिओनोव गेले. नाव त्यांनी सांगितले नाही.

तिसरे मत निवृत्त कर्नल इगोर कुझ्नेत्सोव यांचे. केबिनमध्ये हवा घेणारी झडप अर्धवट उघडी राहिली होती. हे उंचीवर लक्षात येताच वैमानिकांनी नियमानुसार झपाट्याने खाली यायला सुरुवात केली आणि त्या वेगवान उतरणीत त्यांची शुद्ध हरपली, असे ते मानतात.

या तीन मतांत कोणते अधिक सबळ? कुझ्नेत्सोव यांचे मत, दोघे अखेरपर्यंत शुद्धीवर राहून विमान सावरत होते या निरीक्षणाशी जुळत नाही. फुग्याचे कारण सरकारला सोयीचे होते, कारण फुग्याला वरिष्ठ अधिकारी नसतो. लिओनोव यांच्या मतामागे प्रत्यक्ष कानांची साक्ष आणि बदललेल्या जबाबाचा आरोप आहे; पण त्या दुसऱ्या विमानाची नोंद आणि तिच्या वैमानिकाचा जबाब जगापुढे आलेला नाही. म्हणून त्याला सर्वांत पटणारे मत म्हणता येते. सिद्ध झालेले म्हणता येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा फरक जपलाच पाहिजे.

मात्र एका बाबतीत तिन्ही मतांना जावे लागते ते एकाच ठिकाणी: ढगांचा तळ. वैमानिकांच्या समजुतीप्रमाणे तो असायला हवा होता त्याहून प्रत्यक्षात खाली होता. कशामुळेही विमान कोसळू लागले असो, जमीन दिसली ती फार उशिरा. आणि हे घडले ते ताजा अहवाल न ऐकता उडण्यामुळे, उंची सांगणारे रडार बंद असण्यामुळे, जादा टाक्या काढून न ठेवण्यामुळे. सोव्हिएत गुप्तचर खात्याने स्वतंत्रपणे केलेल्या चौकशीतही विमानतळावरच्या ढिलाईवर बोट ठेवले होते. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध वैमानिकाच्या उड्डाणाला इतकी ढिलाई, तर ज्यांची नावे कोणी ऐकलेली नव्हती त्यांच्या उड्डाणांचे काय होत असेल?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. नाशिकजवळच्या ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना उभा राहिला. द्राक्षबागांच्या त्या मुलखात मिग-१५ चेच वंशज असलेली मिग-२१ विमाने बांधली जाऊ लागली. उत्तर महाराष्ट्रातील एका पिढीच्या कानांना त्या विमानांचा आवाज परिचयाचा आहे.

ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे हे विमान धावपट्टीवर उतरतानाही फार वेगात असे. आणि त्याच्याकडे जाणारा भारतीय तरुण वैमानिक संथ, सौम्य विमानांवर शिकून थेट त्यात बसे. मधली पायरीच नव्हती. १९८२ साली एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली. करार झाला २००४ मध्ये. ब्रिटिश बनावटीची हॉक विमाने हवाई दलात रीतसर दाखल झाली २००८ मध्ये, बीदर येथे. शिफारस ते विमान, २६ वर्षे.

२०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे मांडले. घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली होती. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्यू पावले होते. सगळे अपघात प्रशिक्षणाच्या उणिवेमुळे झाले नाहीत. सुटे भाग, पक्षी, इंजिने, मानवी चुका अशी कारणे अनेक. तरी त्या २६ वर्षांचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. निरोपाच्या भाषणांत पराक्रम पुष्कळ होता, आणि तो खराही होता.

मॉस्कोजवळच्या ज्या केंद्राचे गागारिन उपप्रमुख होते, त्याला १९६८ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांची खोली तेथे जपून ठेवली आहे. भिंतीवरचे घड्याळ दहा वाजून एकतीस मिनिटांवर थांबवलेले आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वी अंतराळवीर त्या खोलीत जातात आणि तिथल्या वहीत सही करतात.

याच केंद्रात राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा या भारतीय वैमानिकांनी प्रशिक्षण घेतले आणि एप्रिल १९८४ मध्ये शर्मा सोयूझ टी-११ मधून अंतराळात गेले. पुढे ते हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणून रुजू झाले. नेमणूक होती नाशिकला. काम होते ओझरच्या कारखान्यातून निघणारी मिग विमाने पारखण्याचे. अशाच एका चाचणीत नाशिकजवळ त्यांचे मिग-२१ हाताबाहेर गेले. त्यांनी दांडा ओढला. विमान गेले, वैमानिक वाचला.